फादर हेरास यांचा मासा

२०२५ च्या जानेवारीत चेन्नईहून एक बातमी आली. सिंधू संस्कृतीचा शोध जगाला कळला त्याला शंभर वर्षं झाली, त्या निमित्तानं तमिळनाडूचे मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी एक बक्षीस जाहीर केलं. सिंधू लिपी जो वाचून दाखवील, त्याला दहा लाख डॉलर. आमच्या निवृत्त मंडळींच्या सकाळच्या कट्ट्यावर या बातमीनं बरीच करमणूक केली. एकानं त्या दिवसाचा डॉलरचा भाव विचारला, दुसऱ्यानं मिळालेल्या रकमेतून टीडीएस किती कापला जाईल ते तोंडी सांगून टाकलं. बँकेत आयुष्य गेलं की माणसाचं असं होतं. तिसरा माझ्याकडे वळून म्हणाला, ‘‘तू कादंबऱ्या लिहितोस ना? मग लाव की डोकं! तिथंही पुरावा लागत नाही आणि इथंही.’’

मी हसलो, पण मला आठवण झाली ती एका दाढीवाल्या पाद्र्याची. आयुष्याची शेवटची वीस वर्षं या माणसानं त्या लिपीपायी घालवली. आपण ती वाचली आहे अशी त्याची ठाम खात्री होती. ती वाचली गेलेली नव्हती. आणि तरीही गेली पन्नास-साठ वर्षं या विषयात जे काही गंभीर काम झालं, त्यातलं बरंच या माणसाच्या एका वाक्याशी येऊन थांबतं.

त्यांचं नाव फादर हेन्री हेरास. नावापासूनच गंमत आहे. घरी, बार्सिलोनात, ते एन्रिक. स्पॅनिश कागदोपत्री एन्रिके. मुंबईत आल्यावर हेन्री. आडनावातला ‘ह’ स्पॅनिशमध्ये उच्चारत नाहीत, म्हणजे मायदेशात ते ‘एरास’ होते. आपण त्यांना हेरास केलं. आमच्या शाखेतले एक मराठीप्रेमी हेडकॅशियर म्हणायचे, ‘‘बरोबरच आहे, मराठीत हेरणं म्हणजे नेमकं टिपणं.’’ त्या विनोदात किती अर्थ आहे हे मला फार उशिरा कळलं.

त्यांची माझी गाठ पडणं शक्यच नव्हतं. १४ डिसेंबर १९५५ रोजी ते मुंबईत वारले, तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. गाठ पडली ती त्यांच्या पुस्तकाशी. १९८८ साल असेल. मी फोर्टातल्या एका शाखेत होतो आणि जेवणाच्या सुट्टीत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळणं हे माझं व्यसन होतं. तिथं एक जाडजूड ग्रंथ दिसला. ‘स्टडीज इन प्रोटो-इंडो-मेडिटरेनियन कल्चर’, पहिला खंड, मुंबई, १९५३. आत मासे, खेकडे, माणसं, भाले आणि उभ्या रेघा यांच्या चित्रांच्या रांगा, आणि त्यांच्यासमोर त्यांची वाचनं. घासाघीस करून मी तो घेतला. घेण्याचं कारण विद्वत्ता नव्हतं. कारण घरगुती होतं. ते पुढे सांगतो.

आधी माणूस सांगायला हवा.

हेरास यांचा जन्म १८८८ चा. ते जेझुइट झाले. पहिल्या महायुद्धात मुंबईतल्या जर्मन जेझुइटांना ब्रिटिशांनी शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून स्थानबद्ध केलं आणि मायदेशी धाडलं. त्यांच्या रिकाम्या झालेल्या जागा भरण्यासाठी पुढे स्पेनमधून जेझुइट आले. १९२२ साली आलेले हेरास त्यांतलेच. वय चौतिशीतलं, विषय इतिहास, नेमणूक धोबीतलावच्या सेंट झेवियर कॉलेजात. आल्या आल्या प्राचार्यांनी त्यांना विचारलं, की तुम्ही कोणता इतिहास शिकवणार? हेरास म्हणाले, भारताचा. त्याचा तुमचा अभ्यास किती? तर काहीच नाही. आता करायला हवा. ही कथा झेवियरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. शब्द इकडचे तिकडे झाले असतील, पण पुढचं वागणं पाहता ती खोटी वाटत नाही. मुंबईतल्या मुलांना युरोपचा इतिहास शिकवून हा गृहस्थ सुखानं निवृत्त होऊ शकला असता. त्यानं चौतिशीत पाटी कोरी केली.

चार वर्षांत, १९२६ साली, त्यांनी कॉलेजात इंडियन हिस्टॉरिकल रिसर्च इन्स्टिट्यूट उभी केली. आज तिला त्यांचं नाव आहे. पुस्तकं, नाणी, मूर्ती, हस्तलिखितं असं सगळं त्यांनी तिथं गोळा केलं. इतिहास कसा लिहावा यावर विद्यार्थ्यांसाठी एक पुस्तिकाही लिहिली. १९२७ साली विजयनगरच्या अखेरच्या, अरविडू घराण्यावरचा त्यांचा ग्रंथ आला. १९२९ साली त्यांनी विजयनगरच्या आरंभावर लिहिलं आणि त्या राज्याच्या स्थापनेशी विद्यारण्यस्वामींचं नाव जोडणारी कथा नंतरच्या काळात रचली गेली असावी, असं मांडलं. त्यावर वाद झाला. व्हायलाच हवा होता. पण त्या वादात हेरास काय बोलत होते, तर ताम्रपट आणि शिलालेख यांच्या भाषेत. कदंबांच्या इतिहासावर १९३१ साली महत्त्वाचं पुस्तक लिहिणारे जॉर्ज मोराइश हे त्यांचेच शिष्य.

गोव्यातल्या वाचकांना चांदोर ठाऊक असेल. सासष्टीतलं हे गाव, जुनं नाव चंद्रपूर, एकेकाळी गोव्याची राजधानी. आज तिथं पर्यटक जातात ते पोर्तुगीज काळातले भव्य वाडे बघायला. हेरास १९२९ साली तिथं गेले ते कुदळी घेऊन. जुन्या कोटाच्या भागात त्यांनी उत्खनन केलं आणि शिवमंदिराचे अवशेष उजेडात आणले. मुंडकं नसलेला दगडी नंदी आजही तिथं आहे. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात एक कॅथलिक धर्मगुरू शंकराचं देऊळ खणून काढतो आहे, हे दृश्य डोळ्यांपुढे आणून बघा. त्यांना त्यात काही विसंगत वाटलं नसावं. जमिनीखाली जे आहे ते बाहेर काढायचं, एवढंच त्यांना कळत होतं.

तीच गोष्ट चित्रांची. गोव्याच्या सांतइस्तेव्हचे अँजेलो द फोन्सेका शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकून आले आणि साडी नेसलेली मेरी रंगवू लागले. गोव्यातल्या सनातनी ख्रिस्ती मंडळींना ते रुचलं नाही. फोन्सेका अखेर पुण्याला येऊन राहिले. या चित्रकाराच्या पाठीशी उभे राहिलेल्यांत हेरास होते. गोव्यात जन्मलेल्या कॅथलिक माणसानं भारतीय पद्धतीनं चित्र काढावं की नाही, या भांडणात भारतीय पद्धतीची बाजू बार्सिलोनाहून आलेल्या पाद्र्यानं घ्यावी, यात काय ते आलं.

इथवरचा माणूस कुणालाही आवडावा. एवढ्यावर ते थांबते तर एक विद्वान, शिस्तीचे, थोडे हट्टी प्राध्यापक म्हणून त्यांची नोंद झाली असती आणि आपण विसरून गेलो असतो. पण ते थांबले नाहीत.

ज्या १९२२ साली ते मुंबईत उतरले, त्याच साली राखालदास बॅनर्जी मोहेंजोदडो खणत होते. सप्टेंबर १९२४ मध्ये पुरातत्त्व खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी या शोधाची बातमी लंडनच्या चित्रमय साप्ताहिकात दिली आणि १९३१ साली मोहेंजोदडोवरचे तीन जाड खंड काढले. त्यांत त्या चिमुकल्या मुद्रांची छायाचित्रं होती. एखादा बैल किंवा एकशिंगी प्राणी आणि त्याच्या डोक्यावर चार-पाच चिन्हं. बस. इजिप्तला रोझेटाचा दगड मिळाला, त्यावर एकच मजकूर दोन भाषांत आणि तीन लिप्यांत होता. इथं तसं काही नाही. लांबलचक मजकूर नाही. भाषा कोणती ते माहीत नाही आणि लिपीही माहीत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर खातेदाराचं नाव नाही, सही नाही, रक्कम नाही, आणि पासबुक मात्र हातात आहे.

हेरास यांनी यात उडी घेतली. त्यांचं गृहीत असं, की ही भाषा द्रविड कुळातली. आणि युक्ती अशी, की चित्र एका वस्तूचं काढायचं आणि वाचायचा त्याच आवाजाचा दुसरा शब्द. हे आपल्याला मराठीत सहज समजेल. ‘मान’ म्हणजे गळ्याची मागची बाजू आणि ‘मान’ म्हणजे आदर. आदर कसा काढणार? तर मान काढायची. वाचणारा समजून घेईल. पण तो मराठी असेल तरच. इंग्रजी माणसाला मान आणि आदर यांचा काही संबंध लागणार नाही. म्हणजे असा एखादा जोड नेमका बसला, तर लिहिणाऱ्याची भाषा कोणती हेही हाती लागतं.

आता या मुद्रांवर वारंवार येणारं एक चिन्ह म्हणजे मासा. हेरास म्हणाले, माशाला द्रविड भाषांत म्हणतात मीन. आणि मीन याचा दुसरा अर्थ तारा. तेव्हा हा मासा मासा नव्हे, हा तारा आहे.

हेच ते वाक्य. यानंतर मात्र फादर हेरास यांचं घोडं उधळलं. एकदा किल्ली सापडली म्हटल्यावर त्यांना सगळी कुलुपं उघडायची होती. त्यांनी शेकडो मुद्रा ‘वाचल्या’. एकेका चिन्हाला एकेक शब्द दिला, शब्दांची वाक्यं केली, वाक्यांतून राजे, देश, जमाती आणि देव उभे केले. सिंधूकाठचे हे लोक इथून निघून सुमेर, इजिप्त आणि थेट भूमध्य समुद्रापर्यंत पसरले, असा नकाशाच त्यांनी काढला. स्वतः ते भूमध्य समुद्राच्या काठी जन्मले होते, हे लक्षात घेतलं की या नकाशाकडे पाहून थोडं गलबलतं. मोहेंजोदडोच्या धर्मात त्यांना ‘आण’ नावाचा एकच परमेश्वर दिसला. धर्मगुरूला तोच दिसणार. चार-पाच चिन्हांच्या मुद्रेवरून एवढं सगळं निघू शकत नाही, हे विजयनगरच्या बाबतीत प्रत्येक ताम्रपट तपासून घेणाऱ्या याच माणसाला दिसलं नाही.

विद्वानांनी हे वाचन स्वीकारलं नाही, आणि ते योग्यच होतं. ग्रंथ आला १९५३ साली, दोन वर्षांनी हेरास गेले. पुढे १९८१ साली टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं. तिकिटावर गेलेला माणूस बहुधा वाचला जात नाही.

आणि आता ते घरगुती कारण.

माझे वडील, अण्णा, एका तालुक्याच्या गावी जमीन मोजणीच्या कचेरीत कारकून होते. त्यांना एक वेड होतं. महाराष्ट्रातल्या सगळ्या गावांची नावं झाडांवरून पडली आहेत, असा त्यांचा सिद्धांत होता. वडगाव, पिंपळगाव, चिंचवड, जांभूळवाडी इथपर्यंत कुणाचीच हरकत नव्हती. पण अण्णांना अपवाद मंजूर नव्हता. नाशिक, सातारा, सोलापूर, कुठल्याही नावाच्या पोटातून ते झाड काढून दाखवायचे. घरी पाहुणे आले की आम्ही भावंडं मुद्दाम त्यांना अवघड गावं घालायचो आणि माजघरात जाऊन हसायचो. ते गावोगावच्या तलाठ्यांना, शाळामास्तरांना कार्डं पाठवत. तुमच्या गावातलं सर्वांत जुनं झाड कोणतं, त्याला लोक काय म्हणतात, ते कुणाच्या हद्दीत आहे, त्याखाली कोणता देव आहे. उत्तरं येत. ती उत्तरं ते वळणदार अक्षरात वह्यांत उतरवून ठेवत. अशा सदतीस वह्या होत्या.

फादर हेरास यांचा ग्रंथ मी घेतला तो अण्णांना दाखवायला. मनात कुत्सितपणा होता, लपवत नाही. बघा, मोठमोठी माणसंसुद्धा एका कल्पनेच्या मागे लागून कशी वाहवत जातात. सुट्टीत गावी गेलो आणि ओटीवर बसून त्यांना सगळं समजावून सांगितलं. अण्णांचं इंग्रजी कामापुरतं. त्यांनी शांतपणे ऐकलं, चष्मा कपाळावर चढवून चित्रांच्या रांगा पाहिल्या आणि एकच प्रश्न विचारला.

‘‘यांनी सगळी यादी दिलीय का? कुठल्या चित्राला काय धरलं, ती?’’

म्हटलं, ‘‘हो, दिलीय ना. सगळी छापलीय.’’

‘‘मग काही बिघडलं नाही,’’ अण्णा म्हणाले. ‘‘चुकलं असेल तर पुढचा माणूस काढील शोधून. तू जेवायला चल.’’

अण्णा १९९३ साली गेले. पुढच्या वर्षी आम्ही गावचं घर रिकामं केलं. भाऊ परगावी, मला बदलीची ऑर्डर, वेळ दोन दिवसांचा. भांडी वाटून घेतली, कपाटं विकली, आणि सदतीस वह्या रद्दीवाल्याच्या काट्यावर चढल्या. मीच चढवल्या. पैसे किती आले ते आठवत नाही, आणि ते आठवत नाही याचंच जास्त वाईट वाटतं. पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या नोकरीत मी होतो.

त्याच वर्षी, १९९४ साली, केंब्रिजहून एक पुस्तक निघालं होतं. मी ते पुष्कळ वर्षांनी वाचलं. फिनलंडचे आस्को पारपोला यांचं सिंधू लिपीवरचं. पारपोला हे या विषयातले जगात सर्वांत मानले गेलेले अभ्यासक. त्यांच्या सगळ्या मांडणीचा पाया कोणता, तर मासा म्हणजे मीन आणि मीन म्हणजे तारा. आणि ही कल्पना प्रथम फादर हेरास यांची, हे त्यांनी स्वच्छ लिहिलेलं आहे. मुद्रांवर कधी सहा उभ्या रेघा आणि पुढे मासा येतो. जुन्या तमिळमध्ये ‘अरुमीन’ म्हणजे सहा तारे हे कृत्तिकांचं नाव आहे. कधी सात रेघा आणि मासा येतो. ‘एळुमीन’ म्हणजे सप्तर्षी. आपल्या राशिचक्रातला मीनसुद्धा संस्कृतात द्रविड भाषांतून आला, असं पुष्कळ भाषाशास्त्रज्ञ मानतात. हेरास यांची इतर वाचनं पारपोलांनी बाजूला ठेवली. मासा ठेवून घेतला.

हे सिद्ध झालेलं आहे असं समजू नये. सिंधू लिपी आजही वाचलेली नाही. २००४ साली फार्मर, स्प्रोट आणि विट्झेल या तिघांनी तर ही लिपीच नव्हे, नुसत्या खुणा आहेत, असा लेख लिहिला. २००९ साली आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी, राजेश राव आणि इरावतम् महादेवन यांच्याबरोबर, चिन्हांच्या क्रमाचं गणित मांडलं आणि त्यात भाषेसारखी शिस्त दिसते असं दाखवलं. वाद चालू आहे. महादेवन हे मूळचे आयएएस अधिकारी. त्यांनी १९७७ साली सगळ्या मुद्रांवरच्या चिन्हांची कोशवजा सूची छापली. त्यात चिन्हं चारशेच्या थोडी वर, आणि कुठलं चिन्ह कुठं, कितीदा येतं ते सगळं. म्हणजे पुन्हा यादीच. अण्णांचा प्रश्न त्यांना विचारावा लागला नसता.

बँकेत मी तीन दशकं काढली. तिथं बुडणं दोन प्रकारचं असतं. एक कर्ज प्रामाणिकपणे दिलेलं असतं, कागदपत्रं पुरी असतात, पाऊस पडत नाही किंवा धंदा बसतो आणि पैसे बुडतात. त्याला नुकसान म्हणतात. दुसऱ्यात व्हाउचरच नसतं. त्याला अफरातफर म्हणतात. रक्कम सारखीच असली तरी इन्स्पेक्टर दोन्हींकडे एका नजरेनं पाहत नाही. नुकसान आम्ही राइट ऑफ करत असू, पण फाइल फाडत नसू. वसुली चालूच राही, आणि कधीकधी बारा-पंधरा वर्षांनी एखादा कर्जदार, क्वचित त्याचा मुलगा, येऊन पैसे भरून जाई. ती रक्कम घेता येई ती फाइल जागेवर असे म्हणूनच. आणि जी नोंद कुठल्याच खात्यात बसत नसे, ती सस्पेन्स खात्यात ठेवायची. उलगडा होईपर्यंत तिथं राहू द्यायची, हा नियम.

फादर हेरास यांच्या आयुष्याकडे मी असं पाहतो. ते नुकसान होतं, मोठं होतं, पण व्हाउचर जागेवर होती. कुठल्या चिन्हाला काय धरलं, का धरलं, कुठल्या मुद्रेवर ते आहे, हे त्यांनी छापून ठेवलं. त्यामुळे पुढच्यांना ते खोडता आलं, आणि खोडता खोडता मासा उचलता आला. त्यांनी नुसतं सांगितलं असतं, की मला ही लिपी कळली आहे, विश्वास ठेवा, तर त्या ढिगाऱ्यातून काहीच निघालं नसतं.

आज हे सांगायचं ते एवढ्यासाठी, की आपल्याकडे व्हाउचर नसलेल्या सिद्धांतांना बरे दिवस आले आहेत. सिंधू लिपी ‘वाचल्याचे’ निरोप माझ्या फोनवर महिन्याला एक तरी येतात. कधी ती संस्कृत निघते, कधी तमिळ, कधी निरोप पाठवणाऱ्याच्या जातीची कुळकथा. लगेच दोन तट पडतात आणि वाचन कसं केलं हे विचारण्याआधी वाचणारा कोणाचा हे विचारलं जातं. त्यात दहा लाख डॉलरची भर. बक्षीस लावायला माझी हरकत नाही, विषयाकडे चार तरुण वळले तर चांगलंच. पण बक्षीस उत्तराला आहे. या विषयाचा इतिहास सांगतो, की शंभर वर्षांत जे थोडं हाती लागलं ते याद्या करणाऱ्यांमुळे आणि चुकीचं उत्तर नीट मांडून ठेवणाऱ्यांमुळे. त्यांना बक्षीस नाही. बक्षीस जाऊ द्या, त्यांचे कागद ठेवायला कपाट नाही.

पाद्री म्हटला की त्याचा हेतू काय, हा प्रश्नही आपण विचारतो. विचारावा. हेरास मिशनरी संस्थेचे होते आणि त्यांना मोहेंजोदडोत एकच देव दिसला, हे मी लपवलेलं नाही. पण हेतू तपासण्यासाठीसुद्धा माणसानं आपलं काम उघडं मांडलेलं असावं लागतं, आणि ते त्यांनी मांडलं होतं. राशोलच्या फादर स्टीफन्सना आपण मराठीचे म्हणतो, कारण त्यांनी आपल्या भाषेची स्तुती केली. हेरास यांनी आपली स्तुती केली नाही. त्यांनी आपली देवळं खणली, आपल्या आवडत्या कथांवर शंका घेतली, आपल्या मुद्रा चुकीच्या वाचल्या आणि मुंबईतच देह ठेवला. परका माणूस आपला कधी होतो याची माझी कसोटी आता बदलली आहे. जो आपल्या घरातल्या अडगळीवर आपल्यापेक्षा जास्त वेळ घालवतो, तो आपला.

आता राहिलं थोडंसं.

२०११ साली वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक पत्ता शोधत माझ्याकडे आले. गावोगावच्या जुन्या झाडांची नोंद ते करत होते. कुणा वृद्ध मास्तरांनी त्यांना सांगितलं होतं, की साठ साली मोजणी कचेरीतले एक कारकून कार्डं पाठवून अशी माहिती मागवत असत. त्यांना अण्णांचा सिद्धांत नको होता. कोणत्या गावात कोणतं झाड होतं, त्याला तिथले लोक काय म्हणत, एवढंच हवं होतं. ती झाडं आता रस्त्यांखाली आणि धरणांखाली गेली आहेत आणि ती नावं बोलणारी माणसंही गेली. मी त्यांना खरं काय ते सांगितलं. ते काही बोलले नाहीत. चहा घेऊन गेले.

त्यानंतर दोन वर्षांनी आईची ट्रंक उघडली तेव्हा तळाशी एक वही सापडली. अडतिसावी. मागच्या कोऱ्या पानांवर आईनं दुधाचा हिशेब लिहिला होता, म्हणून ती वाचली होती. त्यात एकतीस गावं होती. मी ती प्राध्यापकांना नेऊन दिली. पावती मागितली, ती त्यांनी हसून दिली. सहा महिन्यांनी त्यांचं पत्र आलं. एकतीसपैकी दोन झाडं अजून जागेवर उभी आहेत. एका झाडाखाली अण्णांनी लिहिलेला देवही आहे.